यंत्रमानवाचा आत्मा आणि औशाच्या एकोणीस जणी

माझी विज्ञान कादंबरी आजवर एका बाईनं वाचली आहे आणि एकोणीस बायकांनी ऐकली आहे. वाचणारी माझी माय, आणि ऐकणाऱ्या तिच्या गल्लीतल्या. बाकी जे लोक मला गाठून 'वाचली, छान आहे' असं सांगतात, त्यांना मी कादंबरीतल्या यंत्रमानवाचं नाव विचारतो. मग ते घाईघाईनं चहा मागवतात.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते औशात, मी सहावीत असताना. आमच्या वाचनालयात विज्ञानकथांची एकूण सात पुस्तकं होती आणि सातांचीही शेवटची पानं गायब होती. (माझा संशय शेजारच्या शिंप्यावर होता. तो सुटी बटणं कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा आणि एकदा माझ्या सदऱ्याची बटणं ज्या पुडीतून आली तिच्यावर 'यान कोसळले' असं छापलेलं होतं.) टीव्ही पाहायचा तर ग्रामसेवकांच्या खिडकीत उभं राहून. तिथंही अंतराळवीर दार उघडायला गेला की नेमकी वीज जायची. थोडक्यात, लहानपणी मी एकाही गोष्टीचा शेवट वाचला नाही की पाहिला नाही. त्यामुळे ते सगळे मलाच रचावे लागले.

रचलेले शेवट ऐकायला माय होती. संध्याकाळी ती चुलीपुढं भाकऱ्या थापायची आणि मी पाटावर बसून तिला चंद्रावर न्यायचो. ती गप ऐकून घेईल तर शपथ! "तिथं भाकरी कोण करायलंय?" असं तिनं विचारलं की मी ऐटीत सांगायचो, यंत्र करतंय. "आन् त्या यंत्राला पीठ कोण मळून देतंय?" मी पाय आपटत उठून जायचो. आज इतक्या वर्षांनी वाटतं, तसा ऐकणारा मला पुन्हा मिळाला नाही. ती चूल, तो धूर आणि भाकरी उलटताना तिचं ते शंकेखोर 'मग?' आठवलं की अजून गलबलून येतं.

मायला तेव्हा वाचता येत नव्हतं. वडील अडत बाजारात मापाडी होते, आलेलं धान्य तोलायचे; मी दहावीत असताना ते गेले. त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्याकडे मोठ्या माणसांचे साक्षरतेचे वर्ग निघाले आणि माय पाटी घेऊन जाऊ लागली. सराव करायला ती मला घेऊन बसस्टँडवर जायची आणि गाड्यांच्या पाट्या वाचायची. निलंगा, उमरगा, सोलापूर. 'देवणी' वाचेपर्यंत गाडी सुटली की तिला फार राग यायचा. तेव्हापासून आजपर्यंत ती प्रत्येक शब्दावर बोट ठेवूनच वाचते, आणि कागदावर छापलेलं काहीही सोडत नाही. औषधाच्या खोक्यावरचा मजकूर कारखान्याच्या पत्त्यासकट वाचते.

या वाचण्यामुळेच तिला विहारात मान मिळाला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी बायका जमतात. वंदना होते, मग कुणीतरी ग्रंथाची काही पानं मोठ्यानं वाचतं, मग त्यावर बोलणं होतं. शिकलेल्या पोरी भराभर वाचून मोकळ्या व्हायच्या आणि म्हाताऱ्यांना काही कळायचं नाही. माय मात्र सावकाश, सगळ्यांना बरोबर घेऊन जायची. गेली कित्येक वर्षं ते वाचन तिच्याकडेच आहे.

मी पुढं नांदेडला सरकारी कचेरीत कारकून झालो, सुजाताशी लग्न झालं, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून कादंबरी लिहू लागलो. नऊ वर्षं लागली. मंगळावरच्या वसाहतीत पाण्याची व्यवस्था पाहणारा लोहित नावाचा यंत्रमानव, ही तिची गोष्ट. शेवटच्या अध्यायात लोहित मोडतो, त्याचा आत्मा लोखंडी देह सोडून बाहेर पडतो आणि ताऱ्यांमधून तरंगत दुसऱ्या एका यंत्रात शिरतो. हे घरी बसून लिहिताना मी स्वतः रडलो होतो. सुजातानं डोकं वर करून विचारलं, कांदा कुणी चिरला.

प्रकाशकांकडून ती कादंबरी इतक्या वेळा परत आली की पोस्टमन माझ्या वतीनं हळहळू लागला. शेवटी मी स्वतःच प्रकाशक झालो. छपाई नांदेडच्याच एका छापखान्यात केली. त्याचं खरं काम लग्नपत्रिकांचं. मालक मनानं दिलदार, त्यामुळे न विचारताच त्यानं प्रत्येक अध्यायाच्या डोक्यावर दोन मोर आणि एक कलश टाकला. 'मंगळावरील स्फोट' या अध्यायावरही! मी तक्रार केली तर म्हणाला, "साहेब, मोकळं बरं दिसत न्हाई. शुभकार्य हाय."

तीनशे प्रती घरी आल्या आणि पलंगाखाली गेल्या. पैकी दहा मी मायला पाठवल्या, त्याही गल्लीत वाटायला. मायनं त्या वाटल्या नाहीत. तिनं एका प्रतीला निळ्या कागदाचं कव्हर घातलं आणि ती पिशवीत टाकून विहारात नेली. ग्रंथाचं वाचन आणि चर्चा आटोपली की चहा येईपर्यंत वीसेक मिनिटं बायका नुसत्या बसून असायच्या. त्या वेळात तिनं लेकाची कादंबरी वाचायला घेतली, रोज चार पानं.

त्या महिन्यात माझ्याइतका सुखी माणूस नांदेड जिल्ह्यात नसेल. रोज संध्याकाळी आठच्या सुमारास मायचा फोन यायचा. आज चौदा जणी होत्या, आज सतरा होत्या, आज पाऊस असूनही एकोणीस आल्या. शंकाही यायच्या. माझ्या मंगळावर दहा दिवसांतून एकदा पाणी सुटतं, हे मी मोठं भयंकर संकट म्हणून लिहिलं होतं. त्यावर औशाचं म्हणणं पडलं की दहा दिवसांनी तर आमच्याही नळाला येतं, यात विज्ञान कुठं आलं? दुसऱ्या दिवशी सुधारित निरोप आला की मंगळावरच्या बायका नळ सुटल्यावर पिंप आधी भरतात का घागरी, हे लेखकानं लिहिलेलं नाही आणि लेखकानं बहुतेक कधी पाणी भरलेलं नाही.

मी कचेरीत सांगत सुटलो. 'माझ्या कादंबरीचं सध्या सामूहिक वाचन चालू आहे,' असं मी हिमायतनगरहून बदलून आलेल्या नव्या साहेबांनाही सांगितलं. मायनं माझी कादंबरी शेवटपर्यंत वाचावी, एवढीच माझी इच्छा होती. पाटावर बसून सांगितलेल्या सगळ्या गोष्टींचं ते एकदाच काय ते चुकतं होणार होतं. वर्षावास संपायला दहा दिवस होते आणि नऊच पानं उरली होती.

आणि फोन बंद झाला. एक दिवस गेला, दोन गेले, तिसराही गेला. चौथ्या दिवशी मी फोन केला तर माय तब्येतीविषयी बोलली, सोयाबीनच्या काढणीविषयी बोलली, आणि मी विचारल्यावर म्हणाली, पुस्तक बंद केलंय.

"कामून?"

"तू इकडं ये. गयाबाई बोलवायल्यात तुला. समद्याजणी बोलवायल्यात."

गयामावशी म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांनी लातूरच्या डाळ मिलमध्ये तीस वर्षं तूरडाळ निवडली. अक्षरओळख नाही, पण पोत्याच्या तळातला खडा त्यांना वरून दिसतो असं लोक म्हणतात. त्यांनी बोलावलं म्हटल्यावर मला एकच अर्थ लागला. सत्कार! समारोप जवळ आलेला, गावचा लेखक, शेवटची पानं त्याच्याच तोंडून ऐकायची, म्हणून पुस्तक थांबवून ठेवलंय. सुजाता म्हणाली, माय फोनवर सत्काराच्या आवाजात बोलत नव्हत्या. मी म्हटलं, तुला साहित्यातलं काय कळतंय? (तिनं कादंबरीची चार पानं वाचली होती आणि पाचव्यावर चष्म्यासकट झोपली होती.)

मी केस कापले. नवा पांढरा सदरा शिवला. अहमदपूरपर्यंत एसटीत उभ्यानं आणि तिथून पुढं बसून 'मराठवाडा आणि विज्ञान साहित्य' या विषयावरचं भाषण पाठ केलं. सुजाता बरोबर होती, फोटो काढण्यासाठी.

विहारात पोचलो तेव्हा पांढऱ्या साड्यांतल्या एकोणीस जणी सतरंजीवर बसलेल्या होत्या आणि त्यांच्यासमोर मधोमध एकच खुर्ची ठेवलेली होती. मी सुजाताकडे पाहिलं. तिनं फोन पिशवीत ठेवून दिला, आणि तेव्हाच मला थोडं समजायला हवं होतं. पण मी खुर्चीत जाऊन बसलो आणि हार कुठून येतो हे बघू लागलो.

वंदना झाली. मायनं पिशवीतून निळं पुस्तक काढलं, पान एकशे तेरा उघडलं आणि माझ्याकडे न बघता, शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचलं: "लोहितच्या लोखंडी देहातून त्याचा अमर आत्मा हळुवारपणे बाहेर पडला." आणि पुस्तक मिटलं.

मला वाटलं, आता टाळ्या.

"इलास," गयामावशी म्हणाल्या, "हे काय हाय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्मा नावाचं काही नसतं, ही बुद्धांची शिकवण मी याच विहारात, याच सतरंजीवर, पाच वर्षांचा असताना शिकलो होतो. सहावीत असताना त्यावर भाषण करून स्टीलचा डबा जिंकला होता. आमच्या घरात कुणी 'आत्म्याला शांती मिळो' म्हटलं तर माय त्याला बसवून समजावून सांगते. आणि मी, तिचा लेक, आयुष्यभर जे सिनेमे आणि मालिका बघितल्या त्यातला आत्मा उचलून सरळ यंत्रमानवात घालून बसलो होतो. नऊ वर्षं लिहिलं, चार वेळा तपासलं आणि माझ्या एकदाही ध्यानात आलं नाही!

मी घसा खाकरून म्हणालो, की ही कल्पना आहे. साहित्यात लेखकाला कल्पनेचं स्वातंत्र्य असतं.

"असू दे की," गयामावशी म्हणाल्या. "पर कल्पनाच करायची व्हती तर हीच कशी सुचली? ही तर लोकायनी हजार वर्सं आदीच केलेली हाय."

नऊ वर्षांत एकाही प्रकाशकानं माझ्या कादंबरीवर इतकं नेमकं बोट ठेवलं नव्हतं. मागून कुणीतरी विचारलं, तो आत्मा त्याच्यात कुठं बसवला होता, बॅटरीच्या डब्यात की काय. दुसरीनं विचारलं, लोहितला तो होता तर मिक्सरला का नाही. निवृत्त मुख्याध्यापिका सूर्यवंशी मॅडम वही काढून बसल्या होत्या, त्यांनी शांतपणे विचारलं की मुखपृष्ठावर 'विज्ञान' हा शब्द कोणी घातला. मी म्हणालो, छापखान्यानं. हे बोलताना मला लाज वाटली, कारण त्यानं घातले होते फक्त मोर.

मी मायकडे बघितलं. ती पुस्तकाच्या कव्हरावरून हात फिरवत होती.

"तिसऱ्या अध्यायात तू त्याचे समदे पार्ट सांगितलेस," ती म्हणाली. "दोन दिवस लागले मला ते वाचायला. इस्क्रू न् इस्क्रू वाचलाय मी. त्यात आत्मा बसवल्याचं कुठं न्हाई. मी ह्यायला सांगितलं व्हतं, माझ्या लेकाच्या पुस्तकात समदं विज्ञान हाय, इचारून घ्या. आता हे पान हितं बसून मी कोणत्या तोंडानं वाचू?"

 मी खुर्चीवरून उठून सतरंजीवर बसलो आणि म्हणालो, मी शेवट बदलून देतो. पौर्णिमेच्या आत.

पौर्णिमेनंतर काही खरं नव्हतं. सोयाबीनची काढणी तोंडावर आली होती, पौर्णिमा झाली की एकोणीस जणी एकोणीस शिवारांत पांगणार होत्या. आणि मायचा नियम असा की विहारात सुरू केलेलं वाचन विहारातच संपवायचं. म्हणजे तिनं ही कादंबरी शेवटपर्यंत वाचायला हवी असेल तर माझ्याकडे चार दिवस होते. मी रजेचा अर्ज फोनवरून पाठवला. कारण लिहिलं, 'घरगुती अडचण'.

पहिला शेवट मी एका बैठकीत लिहिला. आत्म्याच्या जागी मी ऊर्जा घातली. लोहित मोडतो आणि त्याची ऊर्जा ताऱ्यांमधून तरंगत दुसऱ्या यंत्रात शिरते. संध्याकाळी विहारात मीच वाचून दाखवला. गयामावशींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "हा तोच आत्मा हाय. तू फकस्त त्याचं नाव बदललंस."

दुसरा शेवट मी रागाच्या भरात लिहिला. लोहित मोडतो, भंगारवाला येतो, वजन करून घेऊन जातो. समाप्त. पाव पानात काम झालं. आत्मा नाही, ऊर्जा नाही, संपूर्ण विज्ञान. वाचून मी वर पाहिलं. समोरच्या रांगेत दोघीजणी डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. सूर्यवंशी मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, महिनाभर आम्ही त्याच्याबरोबर मंगळावर पाणी भरलं आणि तू त्याला भंगारात घातलास? एका आजीनं तर मला चहा द्यायचाच नाही असं ठरवलं आणि खरोखरच दिला नाही. परतताना सुजाता म्हणाली, "अहो, त्यांना तो अमर नकोय आणि मेलेलाही नकोय." मी म्हटलं, मग मी काय करू? ती म्हणाली, ते मला काय माहीत, मी चारच पानं वाचली आहेत.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक ओळ सुचली नाही. मायनं जेवायला वाढलं. मी मुकाट्यानं भाकरी उचलली. माय समोर बसून माझ्या हाताकडे बघत होती.

"बघ," ती म्हणाली. "तोललीस."

"काय?"

"भाकरी. हातावर घेतलीस की आदी वर-खाली करून तोलून बघतूस, मग मोडतूस. तुझा बाप असंच करायचा. मापाडी गडी, त्याच्या हाताला सवय. त्यानं तुला ते काई बसवून शिकवलं न्हाई. तू शेजारी बसून बगत असायचास." ती ताटातलं मीठ सारखं करत राहिली. "तो गेला. त्याचं मागं काई उरलं न्हाई, मला ठावं हाय. पर तू गावी आलास की मी मुद्दाम तुझ्या समोर बसते जेवायला."

वीस वर्षं मी गावी येतोय आणि माय माझ्यासमोर का बसते हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, भाकरी वाढायला.  सुजाता पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

मग मी लिहायला बसलो. कादंबरीत लोहितला एक खोड होती. टाकीची तोटी उघडण्याआधी तो टाकीवर दोनदा बोट वाजवायचा. ते मी आपलं पानं भरायला लिहिलं होतं. आणि त्याच्या मागंमागं नळ्या पुसत फिरणारं एक छोटं यंत्रही होतं, तेही पानं भरायला. नव्या शेवटात लोहित मोडतो. त्याचे सुटे भाग इतर यंत्रांना लागतात आणि त्याचं म्हणून काहीही उरत नाही, कुठेच जात नाही. दहा दिवसांनी पाण्याची पाळी येते. छोटं यंत्र टाकीपाशी जातं, तोटीला हात घालतं, थांबतं, आणि आधी दोनदा बोट वाजवतं. एवढंच. या वेळी मी तो कुणालाही वाचून दाखवला नाही. हातानं लिहिलेले पाच फुलस्केप कागद मायकडे दिले. तिनं एकशे तेरापासून एकशे वीसपर्यंतची पानं सुरीनं कापून काढली आणि त्या जागी ते कागद खोचले.

पौर्णिमेला विहार भरला होता. वंदना झाली, ग्रंथाचा समारोप झाला, खिरीचं पातेलं दारात येऊन थांबलं. मग मायनं निळं पुस्तक उघडलं. माझं अक्षर वाईट, त्यात ती घाबरलेली, त्यामुळे नेहमीपेक्षा सावकाश वाचत होती. दोन ठिकाणी अडली, तेव्हा सगळ्या विहारानं वाट पाहिली. 'आणि आधी दोनदा बोट वाजवलं' इथं ती पोचली आणि थांबली. तिच्या बोटाखाली पुढं शब्द नव्हता.

 गयामावशींनी पदरानं नाक पुसलं. "आता ठीक हाय," त्या म्हणाल्या. "यात खडा न्हाई."

मी खरं सांगतो, एखादा मोठा पुरस्कार मिळाला असता तरी मी इतका फुललो नसतो. मायनं माझी गोष्ट शेवटपर्यंत वाचली होती. पहिल्यांदाच तिनं 'मग?' असं विचारलं नव्हतं. मी उठून दोन शब्द बोलावं म्हणून सदरा नीट केला, पाठ केलेल्या भाषणातलं पहिलं वाक्य आठवलं आणि अर्धा उभा राहिलो.

पण मायचं वाचन संपलं नव्हतं. छापलेलं एक पान अजून शिल्लक होतं आणि तिनं ते उलटलं.

"लेखकाविषयी," मायनं खणखणीत आवाजात वाचलं.

मी अर्धा उभा होतो तो तसाच राहिलो. तो मजकूर मी स्वतःच लिहिला होता, एका रविवारी, कुणी वाचणार नाही या भरवशावर. "विलक्षण प्रतिभेचे धनी असलेले श्री. विलास हे मराठी विज्ञान साहित्यातील आघाडीचे नाव असून," माय बोट पुढं सरकवत होती, "त्यांच्या लेखणीने असंख्य वाचकांना भुरळ घातली आहे."

"असंख्य म्हंजी किती?" गयामावशींनी विचारलं.

मोजता येणार नाहीत इतके, असं मॅडमनी सांगितलं. गयामावशींनी मान वळवून पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सावकाश मोजलं. "आपुन तर एकोणीस हावोत," त्या म्हणाल्या. "हे कुणी लिवलंय?"

सुजाता म्हणाली, "त्यांनीच." संसारात तिनं इतक्या चटकन माझ्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही.

खीर थांबवण्यात आली. मॅडमनी वही उघडली. 'विलक्षण प्रतिभा' हिला पुरावा नसल्यामुळे ती गेली. 'आघाडीचे नाव' गेलं. 'लेखणी' गेली, कारण ते पाच कागद सोडले तर मी सगळं कॉम्प्युटरवर लिहितो. शेवटी काय ठेवायचं ते मायला विचारलं, आणि तिनं विचार करून सांगितलं: लेखक औशाच्या जिजाबाईंचे थोरले चिरंजीव असून नांदेडला नोकरी करतात व लिहिण्याचा प्रयत्न करतात.

"परयत्न करतो याला काई पुरावा हाय का?" गयामावशी म्हणाल्या.

मायनं हात वर केला. "हाय. चार दिवस माझ्या घरी बसून करत व्हता. मी बगितलंय."

तेवढं मंजूर झालं. आता माझ्या पुस्तकाच्या उरलेल्या सगळ्या प्रतींत नवा शेवट खोचलेला असून शेवटच्या पानावर त्या मजकुराची चिठ्ठी चिकटवलेली आहे, आणि एकशे एकवीस पानांच्या त्या विज्ञान कादंबरीत साक्षीपुराव्यानं सिद्ध झालेलं असं ते एकमेव वाक्य आहे.